फिल्म्स डिव्हिजनचे जुने लघुपट घरबसल्या: काय पाहावे, काय सोडावे, पडदा आणि आवाज कसा लावावा

मुख्य सिनेमाआधी थिएटरात सक्तीने दाखवली जाणारी ‘डॉक्युमेंटरी’, एवढीच फिल्म्स डिव्हिजनची ओळख बऱ्याच जणांच्या मनात उरली आहे. धरणाचे उद्घाटन, पूरग्रस्तांना मदत, कुटुंबनियोजन आणि या सगळ्यावर एक भारदस्त आवाज. ती ओळख खोटी नाही. मात्र मुंबईच्या पेडर रोडवरच्या याच सरकारी कचेरीने साधारण १९६५ ते १९८० या काळात चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला, विशीतल्या पोरापोरींना देशाबद्दल बोलते केले आणि निवेदकाला गप्प बसवून पाहिले. त्यातले बरेचसे लघुपट आज यूट्यूबवर फिल्म्स डिव्हिजनच्या अधिकृत वाहिनीवर आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही. आपण कोण, आपली म्हणतो ती संस्कृती कोणाची, आणि कलावंत पाहतो म्हणजे नेमके काय करतो, या प्रश्नांवर भारतात झालेले लघुपट पाहायचे असतील तर यापेक्षा मोठा फुकट साठा दुसरा नाही.

साठा अव्वल आहे, पण त्याची मांडणी त्याच्या तोलाची नाही. आठ हजारांहून अधिक पट काढलेली ही संस्था. त्यातला कोणता आधी पाहावा हे वाहिनी सांगत नाही. पहिल्या पाच-सहा निवडी चुकल्या तर प्रेक्षक कंटाळून निघून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून निवडीचा एक साधा निकष आधी मनाशी धरावा: निवेदन किती आहे? पहिल्या मिनिटातच आवाज येऊन ‘हा भारत आहे, ही इथली माणसे’ असे समजावू लागला, तर बहुधा पुढची पंधरा मिनिटे तेच चालणार. जिथे निवेदक मागे सरतो, तिथे या साठ्यातले सोने आहे.

असे का, हे समजायला थोडा इतिहास हवा. १९४० मध्ये युद्धप्रचारासाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले; व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली, तेव्हा प्रचारपटाचा तो साचा जवळजवळ तयारच मिळाला. चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार मान्यताप्राप्त लघुपट दाखवावाच लागे. एकच पट अनेक भाषांत डब होऊन देशभर जाई, आणि डबिंगला सोयीचे काय, तर चित्रावर टाकलेले निवेदन. ओठ जुळवायचे काम नाही, आवाज बदलला की नवी भाषा तयार. लांबीही यंत्राने ठरवलेली. ३५ मिलिमीटरच्या १००० फुटी रिळात साधारण अकरा मिनिटे बसतात, कारण फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणून या साठ्यात दहा-अकरा आणि वीस-बावीस मिनिटांचे पट इतके भेटतात: एक रीळ किंवा दोन.

हा साचा मोडायला वाव दिला तो जहांगीर भावनगरी यांनी. युनेस्कोत काम केलेला, स्वतः चित्रे काढणारा हा माणूस १९६५ ते १९६७ या काळात सल्लागार म्हणून परत आला. त्याआधी १९५० च्या दशकातही तो इथे होता. त्याने एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती, के. एस. चारी अशा संस्थेतल्याच माणसांना प्रयोगाची मोकळीक दिली आणि बाहेरच्यांनाही बोलावले. त्या बाहेरच्यांतले पहिले नाव म्हणजे मकबूल फिदा हुसेन.

सुरुवात हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) पासूनच करावी. जन्म पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरलेले हुसेन इथे राजस्थानात बुंदी, चित्तोड, जैसलमेरला कॅमेरा घेऊन जातात. कथा नाही. एक छत्री, एक कंदील, एक जोडा, जनावरे, भिंती, बायका, चेहरे. या वस्तू पुन्हा पुन्हा येतात, दर वेळी वेगळ्या शेजारासह. पार्श्वभूमीला विजय राघव राव यांचे संगीत. बर्लिन महोत्सवात त्या वर्षी लघुपटासाठीचे गोल्डन बेअर याला मिळाले. पाहताना बहुतेकांची चूक एकच होते: छत्री कशाचे प्रतीक आहे हे शोधत बसायचे. तसा शोध घेतला की दहाव्या मिनिटाला हाती काहीच लागत नाही आणि चिडचिड होते. छत्रीचा काळा गोल आणि मागच्या भिंतीचा पांढरा चौकोन एकमेकांना कसे धरून आहेत, ते पाहावे. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला तर हे जास्त स्पष्ट दिसते. आणि एक गोष्ट या पटाबद्दल ठासून सांगावीशी वाटते. परदेशी पर्यटकाला दाखवायचा रंगीबेरंगी राजस्थान त्याही काळी विकला जात होता. हुसेन यांनी कृष्णधवलात जाऊन तो सगळा रंग काढून घेतला आणि आकार ठेवले. संस्कृती दाखवणे आणि संस्कृतीची जाहिरात करणे यांतला फरक शिकवायला याहून नेटका धडा नाही.

त्याच वर्षीचा शास्त्री यांचा ‘आय ॲम ट्वेंटी’. स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली म्हणून वीस वर्षांच्या मुलामुलींच्या मुलाखती, असा सरळसोट सरकारी विषय. अशा विषयावर काय निघायला हवे होते ते आपल्याला पाठ आहे. निघाले वेगळेच. देशभर हिंडावे, पाहावे, नोंदवावे अशी इच्छा असलेला सुशिक्षित मुलगा इथे आहे, आणि देशाशी आपले फारसे काही देणेघेणे नाही असे सरळ सांगणारेही आहेत. शेतात राबणारे, इंग्रजीतून बोलणारे, नोकरीच्या चिंतेत असलेले. शास्त्री कोणालाही उत्तर देत नाहीत. ते संकलनातून बोलतात: एकाचे वाक्य चालू असताना चित्र दुसऱ्याच आयुष्याचे येते, आणि त्या वाक्यात किती पोकळी होती किंवा किती धग होती ते आपल्याला कळते. साधारण १९ मिनिटांचा पट आहे. प्रत्येक वक्त्याची भाषा कोणती, तो कुठे उभा आहे आणि कॅमेरा त्याच्या वर आहे की खाली, एवढ्या तीन गोष्टी कागदावर टिपत पाहिला तर वर्गात किंवा अभ्यासगटात तासभर चर्चा होईल इतका ऐवज सापडतो. विशीतल्या प्रेक्षकांना तर हा आवर्जून दाखवावा. कपडे सोडले तर त्यातली अर्धी विधाने आजची वाटतात.

याच्या जोडीला चारी आणि टी. ए. अब्राहम यांचा ‘फेस टू फेस’ (१९६७) आहे, लोकशाहीबद्दल रस्त्यावरच्या माणसांना विचारलेले प्रश्न. चांगला आहे, पण ‘आय ॲम ट्वेंटी’नंतर लगेच पाहू नये. पद्धत जवळची असल्याने दुसऱ्याची धार बोथट होते. मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्यावेत.

शास्त्रींचाच ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’ (१९६८) हा लघुपट बनवणाऱ्याच्या डोक्यात काय चालते त्याबद्दल आहे. तुकडे, आवाज, स्वतःवरच घेतलेल्या शंका. ज्यांना स्वतः लघुपट करायचा आहे त्यांनी हा पाहावा. इतरांना पहिल्या फेरीत तो विस्कळीत वाटू शकतो. त्यातली खुबी कळायला आधी दहा-बारा नेहमीचे सरकारी पट पाहिलेले असावे लागतात, कारण तो मोडतो आहे ते त्यांचेच व्याकरण.

आता प्रमोद पती. ओडिशातले पती प्रागला यीर्झी त्रन्का यांच्याकडे ॲनिमेशन शिकून आले आणि वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, १९७५ मध्ये वारले. हाती आलेला काळ थोडा, आणि त्यात त्यांनी या संस्थेतली सर्वांत धीट कामे केली. ‘एक्सप्लोरर’ (१९६८) सात मिनिटांचा आहे: नाचणारी तरुण मंडळी, प्रयोगशाळा, यंत्रे, मंत्र, मूर्ती, सगळे झपाट्याने एकमेकांवर आदळते. निवेदनाचा शब्दही नाही. परंपरा आणि आधुनिकता यांवर निबंधांत जे गुळमुळीत लिहिले जाते, ते इथे कानांवर आणि डोळ्यांवर मारा करून जाणवून दिले आहे. एक इशारा गांभीर्याने घ्यावा. यातली दृश्ये फार वेगाने लुकलुकतात. ज्यांना फिट्स येतात किंवा चमकत्या प्रकाशाने अर्धशिशी उठते त्यांनी हा पट टाळावा, आणि गटाला दाखवताना हे आधी सांगावे.

‘आबिद’ (१९७२) पाच मिनिटांचा, रंगीत. मुंबईचे चित्रकार-लेखक आबिद सुरती, एक खोली आणि रंगत जाणाऱ्या भिंती. तंत्र पिक्सिलेशनचे, म्हणजे बाहुलीऐवजी जिवंत माणूसच चौकटीगणिक हलवायचा. माणसाने स्थिर उभे राहायचे, एक चौकट घ्यायची, त्याने किंचित सरकायचे, पुढची चौकट. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर पाच मिनिटांना ७२०० चौकटी होतात. एकच स्थिती दोन चौकटी धरून ठेवली तरी माणसाला ३६०० वेळा थांबावे लागते. हे माहीत असले की पडद्यावर जमिनीवरून घसरत जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. मोबाइलवर स्टॉप मोशनचे ॲप वापरून हा प्रयोग घरी करता येतो. सेकंदाला बाराच चित्रे घ्यावीत, फोन स्टँडवर घट्ट बांधावा आणि एक्सपोजर व फोकस लॉक करावा. लॉक केले नाही तर कॅमेरा प्रत्येक चित्रात उजेड नव्याने ठरवतो आणि सगळा पट थरथरल्यासारखा दिसतो. खिडकीचा उजेडही टाळावा, कारण ढग सरकला की भिंतीचा रंग बदलतो.

पतींचाच चार मिनिटांचा ‘ट्रिप’ (१९७०) मुंबईचे रोजचे जगणे वेगाने पळवतो. सेकंदाला एक चौकट घेतली तर तासाभराची रहदारी अडीच मिनिटांत बसते. त्या तंत्राने शहर दाखवले की माणसे रेषा होतात. ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) कुटुंबनियोजनाचा आहे, दोनेक मिनिटांचा. सरकारी संदेशसुद्धा किती मोकळेपणाने सांगता येतो हे पाहायला ठीक, त्यापलीकडे नाही.

चित्रकारांनी केलेल्या पटांत तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ (१९७०) हुसेन यांच्या पटाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि पाहायला कितीतरी जड. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. मेहता यांच्या चित्रांत जखडलेला बैल आणि कोसळणारी माणसे का येतात हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी तो अपरिहार्य. मुलांसमोर लावू नये, जेवणाआधी-नंतर तर नाहीच. मणी कौल यांचा ‘अरायव्हल’ (१९८०) यालाही हीच सूचना लागू. मुंबईत रोज येऊन पडणारा माल आणि माणसे यांच्याकडे तो निवेदनाशिवाय पाहतो, आणि बाजारातून वाट कत्तलखान्याकडेही जाते. या शहराला कोण जगवते असा प्रश्न न उच्चारता विचारणारा पट आहे तो.

कौल यांचा ‘चित्रकथी’ (१९७७) मराठी प्रेक्षकाने चुकवू नये. विषय कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा. त्या वेळी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. कागदावरच्या चित्रांची पोथी मांडीवर उभी धरून, एकेक पान पुढे करत रामायण-महाभारतातली कथा गायची, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. ही चित्रे ‘पैठण शैली’ या नावानेही ओळखली जातात, कारण काही पोथ्या पैठणच्या बाजूला संग्राहकांच्या हाती लागल्या. मूळ घर कोकणातच. पट पाहताना घाई करू नये. कौल दृश्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ देतात, आणि मोबाइलवर बोटाने पुढे सरकवायची सवय असेल तर दोन मिनिटांत संयम संपतो. पोथीचे पान उलटायला गायक जितका वेळ घेतो तितका वेळ आपणही दिला की मग पट उलगडतो. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत उभारलेले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय आहे. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पट पाहून तिथे गेले तर प्रत्यक्ष पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रे आहेत.

सत्यजित राय यांच्या ‘द इनर आय’ (१९७२) ला निवेदन आहे, स्वतः राय यांचेच, आणि तरीही तो या यादीत पहिल्या तिनांत येतो. वीस मिनिटे, रंगीत. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची एक डोळ्याची दृष्टी जन्मापासून नव्हती, दुसरी अधू होती, आणि १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर तीही गेली. राय कलाभवनात त्यांचे विद्यार्थी होते. हिंदी भवनातल्या मध्ययुगीन संतांच्या भित्तिचित्रावरून कॅमेरा ज्या गतीने सरकतो ती गती नीट पाहावी. चित्र चालत्या माणसाने पाहावे अशा बेताने काढले आहे हे ती गतीच सांगते. आंधळेपणातही मुखर्जी कागद कापून, घड्या घालून, हाताने चाचपून काम करत राहिले ते इथे दिसते. दया उत्पन्न करणारे एकही दृश्य नाही. निवेदन माहिती देते आणि बाजूला होते, शेवटी निखिल बॅनर्जींची सतार पुढे येते. निवेदन असावे तर असे.

राहिलेल्यांपैकी भावनगरींचा ‘राधा अँड कृष्ण’ पहाडी लघुचित्रांवर कॅमेरा फिरवून केला आहे. स्थिर चित्राला हालचाल कशी द्यावी यासाठी पाहावा. फली बिलिमोरियांचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ (१९६८) ओडिशातल्या एका कुटुंबावर आणि विधू विनोद चोप्रांचा ‘ॲन एन्काउंटर विथ फेसेस’ (१९७८) मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवर. दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले होते. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) दूरदर्शनमुळे घराघरात पोचला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे, ॲनिमेशन भीमसैन यांचे. सात मिनिटांत एकजुटीची शिकवण इतक्या हलक्या हाताने दिलेली आहे की लहान मुलांपासून सुरुवात करायची असेल तर हाच लावावा.

आता सोडावे काय. १९५० आणि ६० च्या दशकांत आदिवासी समाजांवर निघालेले अनेक पट दृश्यांसाठी मोलाचे, पण निवेदन ऐकवत नाही: नाचणारी, निरागस, ‘मुख्य प्रवाहात’ आणायची माणसे, असा सूर. अभ्यासासाठी पाहायचे तर आवाज बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा पाहावे. त्या समाजाला स्वतःबद्दल बोलायला मिळालेले एकही वाक्य आहे का ते मोजावे. आणीबाणीच्या काळातले प्रचारपटही याच संस्थेचे. ‘इंडिया ६७’ सारखा, निवेदनाशिवाय देशाकडे जवळपास तासभर टक लावून पाहणारा रंगीत पट करणाऱ्या एस. सुखदेव यांनीच १९७६ मध्ये आणीबाणीच्या बाजूने ‘थंडर ऑफ फ्रीडम’ केला. दोन्ही पाहिल्याशिवाय सुखदेव यांच्याबद्दल मत बनवू नये.

शोधायचे कसे? मराठी किंवा देवनागरीत नाव टाकून फारसे हाती लागत नाही. पटाचे मूळ इंग्रजी नाव रोमन लिपीत, पुढे ‘फिल्म्स डिव्हिजन’ आणि दिग्दर्शकाचे आडनाव, असे एकत्र टाकावे. स्पेलिंगचा घोळ होतो. शास्त्री, पती, सुखदेव ही नावे वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली आढळतात, म्हणून एकदा आडनाव वगळूनही शोध घ्यावा. वर्षावर फार विसंबू नये: निर्मितीचे, प्रमाणपत्राचे आणि प्रदर्शनाचे वर्ष यांत एक-दोन वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे एकच पट १९६७ चा आणि १९६८ चा म्हणून नोंदलेला सापडतो. लांबी मात्र जरूर तपासावी. खासगी वाहिन्यांवर चढवलेल्या प्रती कापलेल्या असू शकतात, आणि मूळ वीस मिनिटांचा पट चौदा मिनिटांत संपत असेल तर अधिकृत प्रत शोधावी. मराठीत डब केलेल्या आवृत्त्या एके काळी थिएटरांत जात होत्या. यूट्यूबवर बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदीच मिळते. या सेवेची मला सर्वांत बोचणारी उणीव हीच. ‘चित्रकथी’सारखा पट पिंगुळीच्या शाळेत मराठीतून लावता यायला हवा.

आपोआप तयार होणारी सबटायटल्स या पटांवर भरवशाची नाहीत. जुना ध्वनी, मागचे संगीत, एका वाक्यात दोन भाषा. यंत्र गोंधळते आणि नावे तर हमखास चुकवते. बंद ठेवलेली बरी.

चित्राबद्दल दोन गोष्टी. हे पट जवळपास चौरस चौकटीत घेतलेले आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवण्यासाठी ‘फुल’ किंवा ‘झूम’ केले तर चेहरे तरी फुगतात, नाही तर वरचे-खालचे चित्र कापले जाते, आणि हुसेन यांच्यासारख्या चौकटीवर जगणाऱ्या पटाची वाट लागते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ ठेवावे. हालचाल गुळगुळीत करणारी ‘मोशन स्मूदिंग’ची सोय बंद करावी, पतींच्या पटांत ती यंत्राने बनवलेल्या मधल्या चौकटी घुसडते आणि पिक्सिलेशनचा झटका निघून जातो. ओरखडे, उडणारे ठिपके आणि कोपऱ्यातले संस्थेचे चिन्ह यांना इलाज नाही. प्रत खराब असेल तर मोठ्या टीव्हीपेक्षा लॅपटॉपवर दीड-दोन फुटांवरून पाहिलेले सुसह्य होते.

आवाज मोनो आहे, फिल्मच्या कडेला छापलेल्या ऑप्टिकल पट्टीवरून आलेला. त्यात वरचे स्वर मुळातच दबलेले असतात आणि खाली घरघर असते. साउंडबारचा बास वाढवलेला असेल तर ती घरघरच मोठी होते. बास कमी करावा, ‘डायलॉग’ किंवा ‘व्हॉइस’ असा पर्याय असेल तो लावावा, ‘सराउंड’ बंद ठेवावा. ‘एक्सप्लोरर’ला आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा हवा, ‘द इनर आय’ला थोडा उतरता.

वाचनालयात, महाविद्यालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचे तर आधी परवानगीचे पाहावे. यूट्यूबवर फुकट दिसते म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळाला असे होत नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली; पत्रव्यवहार आता त्यांच्याशी करायचा. पत्रात पटाचे नाव, वर्ष, दिग्दर्शक, तारीख, जागा, प्रवेश विनामूल्य आहे का आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या एवढे लिहावे, आणि प्रक्षेपणासाठी चांगली प्रत मिळेल का हेही त्यातच विचारावे. यूट्यूबची प्रत भिंतीएवढी केली की दाणे फुटतात. सहा फूट रुंद आडव्या पडद्यावर या पटांचे चित्र प्रत्यक्षात साडेचार फुटांहून जरा जास्त रुंद दिसते, म्हणून खुर्च्यांची पहिली रांग पडद्यापासून सहा-सात फुटांवर आणि शेवटची वीस-बावीस फुटांच्या आत ठेवावी. खोली खरोखर काळोखी हवी. कृष्णधवल पटांतली करडी छटा उजेडात पार नाहीशी होते आणि उरतो तो नुसता काळा-पांढरा.

क्रम असा जमतो: ‘एक अनेक और एकता’, मग हुसेन, मग दहा मिनिटे बोलणे. त्यानंतर ‘आबिद’, ‘द इनर आय’ आणि शेवटी ‘आय ॲम ट्वेंटी’. पटांचा वेळ सत्तर मिनिटांच्या आत राहतो. ‘एक्सप्लोरर’ ‘द इनर आय’च्या आगेमागे लावू नये, आधी लावला तर कान बधिर होतात, नंतर लावला तर राय यांच्या पटाने जमवलेली शांतता मोडते. तो हवाच असेल तर अगदी सुरुवातीला ठेवावा. चर्चा चालवणाऱ्याने पट लावण्याआधी अर्थ सांगू नये, फक्त दिग्दर्शक, वर्ष आणि लांबी सांगावी. हुसेन यांच्या पटानंतर पहिला प्रश्न ‘काय समजले?’ असा टाकला की सभागृह गप्प होते. ‘कोणती वस्तू सर्वांत जास्त वेळा दिसली?’ असा टाकला की सगळे बोलतात.

मुंबईकरांना आणखी एक सोय आहे. पेडर रोडवर, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर, फिल्म्स डिव्हिजनच्याच आवारात गुलशन महल या जुन्या वास्तूत आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. सोमवारी ते बंद असते. वर ज्या रिळांचा आणि ऑप्टिकल पट्टीचा उल्लेख केला ती जुनी यंत्रसामग्री कशी दिसते ते तिथे कळते. किमान दोन-अडीच तास हाताशी ठेवून जावे. लघुपट मोठ्या पडद्यावर, इतरांच्या सोबतीने पाहायचे असतील तर दर दोन वर्षांनी भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गाठावा. १९९० पासून तो माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच आहे, आणि जुन्या पटांचे खास खेळही त्यात होतात. नेहमीच्या स्पर्धेच्या गर्दीत त्या खेळांची वेळ नजरेतून सुटते, म्हणून वेळापत्रक हाती आले की आधी ते शोधून खूण करून ठेवावेत.